शेजारून दुसरं विमान उतरतं ते ठरवून असतं का?

सुलभा_चिपळूण
2019 साली लेकीकडे फ्रीमाँटला गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना उजव्या खिडकीशी बसले होते. खाली खाडीचं पाणी, सॅन मटेओचा लांबलचक पूल आणि एकदम शेजारी दुसरं विमान! आमच्याच उंचीवर, चाकं काढलेली. दोन्ही जवळपास एकदमच टेकली. यंदा ह्यांना घेऊन जायचंय, आणि त्यांना विमानाची मुळातच धास्ती. नीट समजावेल का कुणी?

कॅप्टन_निवृत्त
सुलभाताई, मी तिथे बरीच वर्षं बोइंग 777 घेऊन जात असे. तुम्ही पाहिलंत ते ठरवूनच होतं. 28 लेफ्ट आणि 28 राइट या धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत 750 फूट, म्हणजे साधारण 229 मीटर अंतर आहे. दोन 777 शेजारी आली तरी पंखांच्या टोकांमध्ये दीडशे मीटरहून जास्त जागा उरते.

जमिनीवरचा कंट्रोलर लांबूनच दुसरं विमान दाखवायचा. आपण "ट्रॅफिक इन साइट" (म्हणजे ते विमान दिसतंय) म्हटलं, की तो म्हणायचा, "मेंटेन व्हिज्युअल सेपरेशन" (म्हणजे नजरेनेच अंतर राखा). तिथून पुढे त्या विमानापासून अंतर राखणं माझ्या अंगावर. बरोबरीने किंवा किंचित मागे राहायचं, ओलांडून जायचं नाही. ते नजरेआड झालं तर त्याच क्षणी कंट्रोलरला सांगायचं.

खरी कसोटी मात्र तुम्हाला दिसलेल्या त्या सरळ टप्प्यात नसते, त्याआधीच्या वळणावर असते. वळण जरा लांबलं, की आपण थेट शेजाऱ्याच्या वाटेत. म्हणून मी वेग आधीच उतरवून ठेवत असे, आणि मध्यरेषा पक्की धरेपर्यंत कॉकपिटमध्ये इतर एक शब्द बोलू देत नसे. यात मी कधीच सवलत दिली नाही.

मंदार_पुणे
पण काका, मोठ्या विमानाच्या पंखांमागे भोवरे होतात ना? शेजारी लहान विमान असलं तर?

कॅप्टन_निवृत्त
चांगलं विचारलंस. भोवरे मागे राहतात, हळूहळू खाली बसतात आणि वाऱ्याबरोबर बाजूला सरकतात. तू बरोबरीने असलास तर ते तुझ्या वाटेवर पोचेपर्यंत तू पुढे निघून गेलेला असतोस. शेजारच्या मोठ्या विमानाच्या मैलभर मागे असलास आणि वारा त्याच्याकडून तुझ्याकडे वाहत असला, तर जपायला हवं. बघणाऱ्याला उलट वाटतं, पण जोडीने उतरण्यामागे हाही विचार होता.

हे सगळं एकमेकांना बघण्यावर चालायचं. उन्हाळ्यात सकाळी समुद्रावरून खालचे ढग आत आले, की जोड्या बंद. तासाला साठेक विमानं उतरायची तिथे तीसच्या आसपास, आणि मग खोळंबा. प्रवासी वैतागतात, पण तो खोळंबा मला नेहमीच योग्य वाटला.

मंदार_पुणे
मुंबईत असं का दिसत नाही?

कॅप्टन_निवृत्त
मुंबईच्या, म्हणजे सांताक्रूझच्या, दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. तिथे जोडीचा प्रश्नच येत नाही.

सुलभा_चिपळूण
खूप आभार. ह्यांना आत्ताच वाचून दाखवलं. विचारतायत, खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची?

कॅप्टन_निवृत्त
28 लेफ्टवर उतरलात तर उजवी, राइटवर उतरलात तर डावी. धावपट्टी कुठली ते तिकीट काढताना कळत नाही, आणि ही जोडीची पद्धत माझ्या वेळची, आता जोडीदार दिसेलच असं नाही. पण साहेबांना खिडकीशीच बसवा.