सँडविच मेकरमध्ये ब्रेड चिकटतो, आतून पचपचीत राहतो

रानजाई:
आमच्याकडे त्रिकोणी साच्याचा इलेक्ट्रिक सँडविच मेकर आहे. सँडविचच्या कडा करपतात आणि मधला भाग पांढराच राहतो. उघडताना वरचा स्लाइस वर चिकटून येतो, खालचा खाली, आणि सारण उघडं पडतं. आत टोमॅटो, काकडी आणि चीज असतं. शिवाय हिरवा दिवा मधेच विझतो, पुन्हा लागतो. मशीन बिघडलंय का? आणि बटर ब्रेडला लावायचं की प्लेटला?

ठिणगी:
मी घरगुती विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करतो. आधी दिव्याचं सांगतो, कारण एवढ्यासाठी लोक धडधाकट मशीन घेऊन येतात. आतला थर्मोस्टॅट म्हणजे बहुधा दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तापल्यावर दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तुटते. प्लेट जरा निवली की ती सरळ होते आणि वीज पुन्हा सुरू. दिव्याची उघडझाप त्यामुळेच होते, तो बिघाड नाही. दिवा प्लेटचं तापमान सांगतो, सँडविच झालं की नाही ते त्याला कळत नाही. सुरुवातीला झाकण मिटून मशीन तापू द्या, तयार असल्याचा दिवा लागला की मगच ब्रेड ठेवा.

आता पांढऱ्या भागाचं. तुमच्या साच्याला खोलगा आहे. सारण कमी पडलं तर ब्रेड मधोमध प्लेटला टेकतच नाही, कडा मात्र दाबल्या जातात. म्हणून कडा करपतात आणि मध्य कोरा राहतो. सारण असं भरा की ब्रेड खोलग्याच्या तळाला टेकेल. पण झाकण जोर लावून मिटावं लागेल इतकंही नको. माझ्याकडे येणाऱ्या मशीनांत तुटलेली कडी आणि सैल झालेली बिजागरी फार असते, आणि कारण बहुतेक वेळा हेच.

चिकटण्यामागे पाणी आहे. टोमॅटोत जवळपास 95 टक्के पाणी, काकडीतही तेवढंच. ब्रेडच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि तांबूस रंग यायला साधारण 140 अंश लागतात. कवच धरायच्या आत झाकण उचललं की ओला ब्रेड फाटणारच. बाजूने जोरात वाफ येतेय तोवर उघडू नका. वाफ ओसरली की हळूच उचलून बघा. अडलं तर ओढू नका, पुन्हा मिटा.

बटर ब्रेडच्या बाहेरच्या बाजूला, पातळ, अगदी कडेपर्यंत. रिकाम्या गरम प्लेटवर टाकलं तर ते जळतं आणि चिकट तपकिरी थर बसतो. तेलाचे स्प्रे तर नकोतच. त्यातल्या लेसिथिनचा थर नॉनस्टिकवर साचत जातो आणि मग सगळंच चिकटायला लागतं.

सांजसावली:
ठिणगी, सारणाबद्दल मी थोडी भर घालते. टोमॅटोच्या बिया आणि रस काढून टाका, फोडी कोरड्या फडक्यावर ठेवा, मीठ अगदी शेवटी. आधी मीठ लावलं की पाणी सुटतंच. चीज दोन्ही स्लाइसना आतून लावा आणि टोमॅटो त्यांच्या मधे. मग ओल ब्रेडपर्यंत पोचत नाही, आणि चीज वितळून दोन्ही बाजू धरून ठेवतं. काकडी मी गरम सँडविचमध्ये घालतच नाही, ती शिजून मऊ पडते आणि चव जाते. उकडलेला बटाटा उत्तम, कुस्करून भरला की खोलगा नीट भरतो. ब्रेड आदल्या दिवशीचा असेल तर छानच. आणि पहिलं मिनिटभर मी कडी लावत नाही, झाकण नुसतं टेकवते.

ठिणगी:
कडीचं पटलं. वाफेला वाट मिळते आणि कडीवर ताण येत नाही. फक्त तेव्हा बोटं बाजूच्या फटीपासून लांब ठेवा, ती वाफ चांगलीच भाजते.

रानजाई:
थर्मोस्टॅटचं कळलं, मनावरचं ओझं उतरलं. आता मधल्या दांड्याच्या खाचेत चीज जळून बसलंय ते कसं काढू? सुरीने खरवडायचा मोह होतोय.

ठिणगी:
सुरी, तारेची घासणी, दोन्ही नको. नॉनस्टिकला ओरखडा पडला की पुढचं प्रत्येक सँडविच तिथेच धरणार. सँडविचसुद्धा बाहेर काढून पाटावर कापा. प्लग काढा, प्लेट कोमट होऊ द्या, ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं घडी करून मधे ठेवा आणि झाकण मिटून थोडा वेळ सोडा. जळकं मऊ होईल, मग लाकडी उलथन्याच्या टोकाने उचला. उरलं तर खायचा सोडा पाण्यात कालवून बोटाने हलकेच चोळा. नळाखाली मात्र कधीच धरू नका. पाणी बिजागरीच्या बाजूने आतल्या वायरिंगपर्यंत जातं. बाहेरून कोरडं दिसलं तरी आत ओल राहते, आणि पुढच्या वेळी प्लग लावला की शॉक बसू शकतो.