चर्चा: पैसे मोजून घेतलेला गेम कंपनीने कायमचा बंद करावा का?

उरमोडीकाठ (धागाकर्ता)

३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 'द क्रू'चे सर्व्हर, म्हणजे तो गेम चालवणारे कंपनीचे संगणक, बंद केले. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. अख्खी अमेरिका आटवून त्यात बसवली होती, मायामीहून निघून थेट लॉस एंजेलिसपर्यंत गाडी हाकता यायची. एकट्याने खेळायची सबंध गोष्टही त्यात होती. पण गेम उघडायलाच कंपनीचा सर्व्हर लागायचा, त्यामुळे सर्व्हर गेला त्या दिवशी लोकांच्या कपाटातल्या डिस्कही निकामी झाल्या. पुढच्याच महिन्यात कित्येकांच्या खात्यातून परवानासुद्धा काढून घेतला गेला.

त्यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांनी वर्षभरात दहा लाख सह्या जमवल्या की युरोपियन कमिशनला त्यावर उत्तर द्यावंच लागतं. ३१ जुलै २०२५ ला मुदत संपली तेव्हा सह्या १४ लाखांच्या पुढे गेल्या होत्या. मागणी काय, तर गेम बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणीच म्हणत नाहीये, हे आधीच सांगतो, कारण प्रत्येक वादात हाच मुद्दा मोडून-तोडून समोर येतो.

माझं मत सरळ आहे. गावातल्या गिरणीवाल्याने गिरणी बंद केली तर तो माझ्या घरी येऊन डब्यातलं पीठ घेऊन जात नाही. इथे नेमकं तेच होतंय.

हे माझ्या घरातही घडलंय. माझ्या धाकट्या भावाने पहिल्या पगारातून मोबाइलवरच्या एका क्रिकेटच्या गेममध्ये साडेतीन हजार रुपये घातले होते. दोन वर्षं रोज रात्री मित्रांबरोबर खेळायचा. एके दिवशी ॲप उघडलं तर फक्त आभाराचा संदेश. कंपनीचं नाव घेत नाही, पण तो त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलला नाही, ते मी पाहिलंय.

तुम्हाला काय वाटतं?

सर्व्हरवाला

पूर्ण असहमत. तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, ते मनापासून. पण गिरणीचं उदाहरण चुकतंय. ऑनलाइन गेममध्ये तुम्ही पीठ घेतलेलं नसतं, दळण घेतलेलं असतं. गिरणी थांबली की दळण थांबणारच.

मी पुण्यात अकरा वर्षं गेमच्या सर्व्हरवर काम करतोय, म्हणून जरा आतलं सांगतो. २००५ च्या आसपास 'सर्व्हर' म्हणजे एक फाइल असायची. 'काउंटर-स्ट्राइक'चा सर्व्हर सायबर कॅफेतल्या कुठल्याही संगणकावर चालायचा. आज तसं नाही. लॉगिन वेगळं, खेळाडूंच्या जोड्या लावणारी यंत्रणा वेगळी, तुमच्या वस्तूंची नोंद ठेवणारा डेटाबेस वेगळा, फसवेगिरी पकडणारं वेगळं, पैशांचं वेगळं. अशा पाच-पंचवीस सेवा कुणातरी तिसऱ्याच्या क्लाउडवर एकमेकींशी बोलत असतात. त्यातल्या कित्येक भाड्याने घेतलेल्या असतात. त्या 'लोकांना देऊन टाका' म्हणणं म्हणजे भाड्याच्या घराची चावी दुसऱ्याला देण्यासारखं आहे. ते घरच आमचं नाही.

आणि हे काम करायचं कुणी? गेम बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा ती टीमच उरलेली नसते. जानेवारी २०२४ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टने गेम विभागातल्या १९०० लोकांना घरी पाठवलं, पुढच्याच महिन्यात सोनीने ९०० जणांना. 'खेळता येईल असा सोडून जा' हा नियम आला की शेवटच्या चार माणसांवर आणखी सहा महिन्यांचं काम पडणार, नाहीतर छोटे स्टुडिओ ऑनलाइन गेमच्या वाटेलाच जाणार नाहीत.

कॅसेटफुंक्या

@सर्व्हरवाला, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण 'जमत नाही' हे मला पटत नाही. करून दाखवलेल्यांची उदाहरणं समोर आहेत.

'नॉकआउट सिटी' जून २०२३ मध्ये बंद झाला. स्टुडिओ छोटा, तरी त्यांनी जाताना खासगी सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती लोकांना दिली. 'रेडफॉल' बनवणारा स्टुडिओच बंद करायचं ठरलं होतं, तरी मे २०२४ मध्ये त्याचा ऑफलाइन मोड आला. आणि खुद्द युबिसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये 'द क्रू २'ला ऑफलाइन खेळायची सोय दिली. तोच स्टुडिओ, त्याच जातीचा गेम. जे दुसऱ्या भागाला जमलं ते पहिल्याला का नाही? ओरड झाली नव्हती, एवढंच कारण मला दिसतं.

आणखी एक. सप्टेंबर २०२५ मध्ये काही हौशी लोकांनी 'द क्रू'चा सर्व्हर स्वतः बनवून पीसीवर तो गेम पुन्हा चालू केला. कंपनीची मदत नाही, पगार नाही, फावल्या वेळात. जे बाहेरच्यांना आत काय आहे ते न पाहता जमतं, ते आतल्यांना सगळं हाताशी असताना अवघड कसं?

माझ्यासाठी हा पैशाचा प्रश्नही नाही. आमचं लहानपण गेमची कॅसेट फुंकून लावण्यात गेलं. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या सीडी, मग कॅफेत पाच जण मिळून काढलेले तास. त्यातले बरेच गेम मी आज माझ्या पुतणीला दाखवू शकतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं, तर तिथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज दुकानात कुठेच मिळत नाहीत. ते गेम जिवंत राहिले ते कुणाच्या तरी माळ्यावर कॅसेट नाहीतर डिस्क पडून होती म्हणून. आजच्या गेमना तो माळाच नाही. माझी पुतणी पस्तीस वर्षांची होईल तेव्हा तिच्या लहानपणातलं तिला काय दाखवता येणार?

मृण्मयी_ठाणे

मी वेगळ्या बाजूने बोलते. घरी चौदा वर्षांचा मुलगा आहे. तो कुठलाही गेम दोन-तीन महिन्यांच्या वर खेळत नाही. आम्ही महिन्याची वर्गणी भरतो, त्यात शेकडो गेम येतात, त्यातले काही जातात, नवे येतात. त्याने एकदाही 'तो गेलेला गेम आण' म्हटलेलं नाही. लहानपणी आम्ही वाचनालयातून पुस्तकं आणायचो, ती कुठे आमची होती?

मला काळजी आहे ती त्या छोट्या छोट्या खरेदीची. नाण्यांची थैली, बंदुकीचा रंग, नशिबाची पेटी (पैसे देऊन उघडायची, आत काय निघेल ते नशीब). गेम बंद झाल्यावर ओरडण्यापेक्षा गेम चालू असताना मुलांच्या खिशातून जे जातं त्याबद्दल चौदा लाख सह्या झाल्या असत्या तर मी पहिली सही केली असती.

आणि 'कॉन्कॉर्ड' या गेमसारखं उदाहरणही आहेच. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, चालला नाही, सोनीने ६ सप्टेंबरला बंद केला आणि सगळ्यांचे पैसे परत केले. माझ्या लेखी प्रश्न तिथे मिटला.

उरमोडीकाठ

मृण्मयीताई, वाचनालयाचं उदाहरण मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझं म्हणणं पक्कं होतं. वाचनालयाने तुम्हाला 'पुस्तक विकत घ्या' असं कधी सांगितलं नाही. महिन्याची वर्गणी ही वर्गणी आहे, त्यावर माझा आक्षेपच नाही. 'द क्रू' वर्गणीवर नव्हता, तो खोक्यातून विकला होता.

कॉन्कॉर्डमध्ये पैसे परत मिळाले कारण तो दोन आठवड्यांत बुडाला. सात-नऊ वर्षं चाललेल्या गेमचे पैसे कोण परत देतं? 'अँथम' फेब्रुवारी २०१९ मध्ये आला, १२ जानेवारी २०२६ ला बंद झाला. तोही पूर्ण ऑनलाइनवर अवलंबून, त्यामुळे आज ती डिस्क म्हणजे गोल प्लॅस्टिक.

पेट्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तो वेगळा धागा होईल. तुम्ही काढा, मी येतो.

सर्व्हरवाला, तुमचं दळणाचं उत्तर मात्र रात्रभर डोक्यात राहिलं. ठीक आहे, दळण तर दळण. मग ते दळण म्हणून विका. पिठाच्या पिशवीत घालून, वर 'पीठ' असं लिहून, पिठाचा भाव लावून विकायचं आणि नंतर म्हणायचं की तुम्ही दळण घेतलं होतं, हे कसं चालेल?

निवृत्त_वकील_नागपूर

इथे कायदा काय म्हणतो ते थोडक्यात, कारण 'शेवटी अटी तुम्हीच मान्य केल्या होत्या' असं कुणीतरी म्हणेलच.

आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' अशी व्याख्या आहे. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणाऱ्या अटी तिच्यात येतात, आणि वाजवी कारणाशिवाय एका बाजूला मनाला येईल तेव्हा करार संपवता येईल अशी अट तिथे नाव घेऊन सांगितली आहे. गेमच्या अटींत नेमकं हेच वाक्य असतं. म्हणजे 'मान्य' वर बोट दाबलं म्हणून सगळं संपलं असं नाही.

अडचण पुढे आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. तीन हजारांच्या गेमसाठी साताऱ्याहून मुंबईला तारखांना कोण जाणार? आणि 'सर्व्हरचा खर्च निघत नाही' हे वाजवी कारण आहे असं कंपनीचा वकील म्हणणार. ते पटण्यासारखं आहे, हे मी वकील म्हणून कबूल करतो.

कॅलिफोर्नियाने दुसरा रस्ता धरला. जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूवर 'खरेदी करा' असं बटण लावायचं असेल तर हा फक्त परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. जी वस्तू उतरवून घेऊन कायम ऑफलाइन वापरता येते तिला सूट आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरताना तशी ओळ दिसते ती ऑक्टोबर २०२४ पासून.

माझं मत मात्र सर्व्हरवाला यांच्या जवळ जातं. बंद पडलेल्या धंद्याला 'जाताना हे करून जा' असं कायद्याने लावणं कठीण असतं, कारण ज्याला दंड करायचा तोच राहत नाही. ब्रिटनच्या संसदेत नोव्हेंबर २०२५ मध्ये यावर चर्चा झाली, आणि कायदा बदलायचा विचार नाही असंच सरकारने सांगितलं.

सर्व्हरवाला

वकीलसाहेब, धन्यवाद. कॅसेटफुंक्या यांना उत्तर देतो.

हौशी लोकांनी सर्व्हर बनवला, मलाही कौतुक आहे. पण त्यांच्यावर जबाबदारी कसली? तिथे उद्या एखाद्या बारा वर्षांच्या मुलाला कुणी घाणेरडे संदेश पाठवले तर तक्रार कुठे करायची? नाव गेमचंच राहणार, बोट कंपनीकडेच जाणार. आम्ही गप्पांवर नजर ठेवायला माणसं ठेवतो, ती गेल्यावर ते मैदान मोकळं सुटतं. शिवाय 'द क्रू'मध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या, त्यांचे परवाने ठरावीक वर्षांचे असतात.

कॅसेटफुंक्या

परवान्यांचा मुद्दा टिकत नाही. 'फोर्झा होरायझन ४' १५ डिसेंबर २०२४ ला याच कारणाने विक्रीतून काढला. पण ज्यांनी आधी घेतला होता ते आजही खेळतात. परवाना संपला की विक्री थांबते, विकलेली प्रत मरत नाही.

मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे, तो मी मानतो. पण मग निदान एकट्याने खेळायचा भाग तरी सोडा ना. 'द क्रू'ची गोष्ट मी एकटा गाडी चालवत पूर्ण करतोय, तिथे मला कोण काय संदेश पाठवणार?

मृण्मयी_ठाणे

हे मात्र मला पटलं. एकट्याने खेळायचा गेम इंटरनेट गेलं म्हणून बंद पडतो तेव्हा मलाही राग येतो. गावी, आजोळी गेल्यावर मुलगा लॅपटॉप उघडतो आणि रेंज नाही म्हणून घरात बसून खेळायचा गेमही उघडत नाही. ते मी कंपनीचं धोरण म्हणून कधी पाहिलं नव्हतं, आमच्याच गावच्या नेटवर्कला नावं ठेवत होते.

उरमोडीकाठ

दोन दिवस सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझी मागणी मी बदलतो.

जुन्या गेमना हा नियम लावू नका. ते ज्या पद्धतीने बांधले गेले ते आता उलगडणं अवघड आहे, हे सर्व्हरवाला यांनी मला पटवलं. गटाने खेळायच्या भागाचा सर्व्हर द्या असाही हट्ट नाही. पण आजपासून जो नवा गेम आखला जाईल त्यात एकट्याने खेळायचा भाग सर्व्हरशिवाय उघडला पाहिजे, आणि तसं होणार नसेल तर पाकिटावर, दुकानाच्या पानावर, भावाच्या शेजारी ठळक तारीख हवी: अमुक तारखेपर्यंत नक्की चालेल. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधावर असते. तारीख वाचून भावाने साडेतीन हजार घातले असते तर मी हा धागाच काढला नसता.

सर्व्हरवाला, यावर तुम्ही काय म्हणाल?

सर्व्हरवाला

ऑफलाइन भाग सुरुवातीपासून आखला तर आम्हाला फार जड नाही, हे खरं आहे. आखणीच्या बैठकीत कुणी विचारतच नाही, हेही खरं आहे. कायद्याने सक्ती करायला माझा अजून विरोध आहे, कारण कुठला भाग 'एकट्याने खेळायचा' हे ठरवणारा अधिकारी गेम न खेळलेला असेल.

तारखेला माझा विरोध नाही. फक्त ती तारीख विक्रीवाले ठरवणार, आम्हाला न विचारता. पाच वर्षं छापतील, आणि तिसऱ्या वर्षी टीम काढून टाकतील. मग रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर फोन कुणाला येणार, तेही त्या कागदावर लिहायला सांगा.