जूनटीन्थच्या जेवणाला बोलावलंय, काय नेऊ?

कोथिंबीरवडी
ह्यूस्टनला येऊन आठ महिने झाले. समोरच्या आजींनी 19 जूनला जेवायला बोलावलंय, सगळा गोतावळा जमणारे म्हणे. गुलामगिरी संपल्याचा दिवस एवढं माहितीये, पण लिंकनचा जाहीरनामा तर 1 जानेवारी 1863 चा ना, मग जून कुठून आला? आणि 'हॅपी जूनटीन्थ' म्हणायचं की ते बरं दिसत नाही? आजी म्हणाल्या काहीतरी लाल आण, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि लाल का ते विचारायचंच राहिलं. नवरा म्हणतोय टोमॅटोचं सार ने 🙄

बाब्या_टेक्सासकर
सार नको हो, जूनमध्ये इथे उभ्या उभ्या घामटा निघतो.
जाहीरनामा निघाला खरा, पण तेव्हा यादवी युद्ध चालू, टेक्सास दक्षिणेतल्या बंडखोरांकडे, तिथे तो लागू करायला सरकारी फौज कुठे होती? 19 जून 1865 ला सरकारी फौजेच्या जनरल ग्रेंजरने गॅल्व्हस्टनला येऊन हुकूम नंबर 3 काढला, तोवर अडीच लाखांच्या आसपास माणसं राबतच होती. त्या हुकुमातही गंमत बघा, सगळे गुलाम मोकळे, पण आहात तिथेच गपगुमान राहा आणि मजुरीवर काम करा. काही मालकांनी तर हातचं पीक निघेपर्यंत सांगितलंच नाही.
'हॅपी' बिनधास्त म्हणा, सुतक नाहीये, सण आहे.

अंबाडीची_भाजी
लाल म्हणजे स्ट्रॉबेरी सोडा, कलिंगड, लाल सॉसेज, रेड व्हेल्व्हेट केक. कोणी म्हणतं सांडलेल्या रक्ताची आठवण, कोणी म्हणतं पश्चिम आफ्रिकेतल्या लाल सरबताची. ते सरबत कशाचं माहितीये? आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं!!
तू सरळ कोकम सरबत ने. आगळ नको, खारट असतं, अमृत कोकम घे. मी गेल्या वर्षी जिरं-सैंधव घालून नेलेलं, एका काकांनी घोट घेतला, ग्लासात वाकून बघितलं, "यात मीठ आहे?" म्हणाले, आणि मग तीनदा भरून घेतलं.

जुना_सभासद
ह्यूस्टनलाच आहात तर एमॅन्सिपेशन पार्क बघून या. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी आपापसात 1000 डॉलर जमवून 1872 ला 10 एकर जागा घेतली, कशासाठी, तर हा दिवस साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून. देशपातळीवर सुट्टी व्हायला मात्र 2021 उजाडलं. आमच्या ऑफिसात अजून लोकांना तो फक्त लाँग वीकेंड वाटतो, असो.
आणि ती जागा घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी इकडे जोतीरावांचं 'गुलामगिरी' आलं, ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना सोडवलं त्यांना. आजींना हे नक्की सांगा.

कोथिंबीरवडी
अर्पणपत्रिकेचं खरंच माहीत नव्हतं, शाळेत फुले म्हणजे मुलींची शाळा, तेवढ्यावरच गाडी थांबलेली. देशी दुकानात अमृत कोकमच्या चारच बाटल्या उरल्यात, माणसं चाळीस. पुरेल ना?

अंबाडीची_भाजी
पुरेल, पण बर्फ तूच ने, तिथला सोड्याच्या टबात संपतो.