एकत्र म्हणण्याचं बळ

‘लोक काय म्हणतील’ या धाकानेच मुलींचा आत्मविश्वास खचतो आणि इन्स्टाग्राम त्यात भर घालतं, असं नेहमी म्हटलं जातं; मला ते निम्मंच पटतं. परंपरेत उलट बळ देणारंही पुष्कळ आहे. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका एकसुरात अथर्वशीर्ष म्हणतात. माझ्या भाचीच्या आवाजाची रीलखाली इतकी टर उडवली गेली, की ती चारचौघांत बोलेनाशीच झाली होती. (लोक किती सहज लिहून जातात!) मग आजीबरोबर ती याच अथर्वशीर्षाच्या पाठांतराला बसू लागली. तिथे एखादा शब्द अडला तर शेजारची सांभाळून घेते, आवाज कसा आहे हे कुणी विचारत नाही. यंदा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात निवेदन तिनेच केलं. रील्स अजून टाकते, कमेंट्सही वाचते, पण गप्प बसत नाही.