स्लोवाक मजुरांना परमुलखात कशानं धरून ठेवलं: साखळीनं की वर्गणीच्या वहीनं?
(एका चर्चामंचावरचा संवाद. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चुलीपाशी
गेली अकरा वर्षं मी अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहते. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे आजोबा शारिशमधून इथे पोलादाच्या कारखान्यात आले. शारिश म्हणजे आजचा पूर्व स्लोवाकिया, तेव्हा हंगेरीच्या राज्यात. गेल्या २४ डिसेंबरला आजींनी मला जेवायला बोलावलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या या जेवणाला त्या ‘विलिया’ म्हणतात. दिवसभर उपास, आणि आभाळात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं.

मी पोचले तेव्हा आजी जमिनीवर बसून टेबलाच्या चारी पायांना साखळी गुंडाळत होत्या. बर्फात मोटारीच्या चाकांना लावतात ती, गंजलेली. घर वर्षभर एकत्र राहावं म्हणून. मग प्रत्येकाच्या कपाळावर मधाचा क्रूस काढला. मध लावून ओप्लाटकी खाल्ली, ही पापडीपेक्षाही पातळ असते. लसूण, खसखस लावलेल्या बोबाल्की म्हणजे पिठाच्या छोट्या गोळ्या, कोबीचं आंबट सार. एक ताट रिकामं, गेलेल्यांसाठी. जेवण होईपर्यंत घरच्या बाईखेरीज कोणी उठायचं नाही, जो उठेल तो पुढच्या वर्षी टेबलाशी नसतो म्हणतात. शेवटी सफरचंद आडवं कापलं. बियांची चांदणी दिसली तर वर्ष सुखाचं. क्रूस दिसला किंवा फळ किडकं निघालं, तर आजारपण नाहीतर मरण. सुरी टेकवून आजी क्षणभर थांबल्या तेव्हा टेबलाभोवती कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही. चांदणी निघाली.

याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी परत येईल याची खात्री नाही, मुकादमाची भाषा कळत नाही, रस्त्यात लोक ‘हंकी’ म्हणून हिणवतात. अशा जागी भीतीला वर्षातून एकदा टेबलावर आणून सर्वांसमक्ष कापायचं, ही मनाची केवढी मोठी सोय आहे! तान्ह्या मुलाची दृष्ट काढायला निखारे पाण्यात टाकायची रीतही त्यांनी सोबत आणली होती. माझं म्हणणं, या समजुतींनीच त्या माणसांना उभं ठेवलं. तुमचं मत सांगा.

वर्गणीदार
लिहिलंय सुंदर, पण मला अजिबात मान्य नाही. सफरचंदानं एकाही विधवेचं भाडं भरलं नाही. ते भरलं संघटनांनी. १८९० साली पिट्सबर्गमध्ये पेतेर रोव्न्यानेक यांनी नॅशनल स्लोवाक सोसायटी काढली, त्याच वर्षी क्लीव्हलँडमध्ये फादर श्तेफान फुर्देक यांनी ‘येड्नोता’. १८९२ साली बायकांनी स्वतःची वेगळी संस्था उभारली. दर महिन्याला वर्गणी द्यायची, आणि माणूस गेला की घरच्यांना ठरलेली रक्कम मिळायची. भीतीवरचा उतारा तो होता.

१० सप्टेंबर १८९७ ला पेनसिल्व्हेनियात लॅटिमरच्या खाणीवर निःशस्त्र संपकऱ्यांवर शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याच्या, माणसांनी गोळ्या झाडल्या. १९ जण मेले. स्लोवाक, पोलिश, लिथुआनियन. मोर्चाच्या पुढे अमेरिकेचा झेंडा होता. त्या दिवशी कपाळावरचा मध काय कामाचा?

आणि ‘स्लोवाक’ ही ओळख तरी ते घरून घेऊन आले होते का? येताना ते शारिशचे होते, स्पिशचे होते, झेम्प्लीनचे होते. कागदावर बहुतेक वेळा हंगेरियन. तिकडे हंगेरी सरकारनं १८७४ साली त्यांच्या तिन्ही माध्यमिक शाळा बंद केल्या, १८७५ मध्ये ‘मातित्सा स्लोवेन्स्का’ ही सांस्कृतिक संस्थाही. आपण एक राष्ट्र आहोत हे त्यांतल्या पुष्कळांना अमेरिकेत आल्यावर कळलं, वर्तमानपत्रांतून आणि सभांतून. १९१८ च्या मे महिन्यात चेक नेते मासारिक पिट्सबर्गला आले आणि दोघांच्या एकत्र राज्याचा चेक-स्लोवाक करार झाला, तो याच संघटनांशी.

मधलाजिना
मी समुपदेशनाचं काम करते, परगावाहून शहरात आलेल्यांशी रोज बोलणं होतं. त्यामुळे दोघांनाही थोडं अडवते.

स्थलांतरानं मन आजारी पडतं का, यावर ओडेगॉर या नॉर्वेच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९३२ साली लिहिलं. मिनेसोटातल्या नॉर्वेजियन स्थलांतरितांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण मायदेशातल्यांपेक्षा जास्त आढळलं होतं. मुळात हळव्या मनाची माणसंच देश सोडतात, असा त्याचा कल होता. पुढच्या अभ्यासकांनी मात्र नव्या जागेतल्या एकटेपणाकडे आणि अपमानाकडे बोट दाखवलं, आणि माझा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे. स्लोवाकांच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. बहुतेकांना राहायचंच नव्हतं. चार पैसे साठवायचे, गावी जमीन घ्यायची. साधारण तिसरा हिस्सा परतलाही. जे राहिले ते वर्षानुवर्षं ‘पुढच्या साली जाऊ’ म्हणत राहिले. अशा माणसाला रिकामं ताट दिलासा देतं, तसंच ते टोचतंही. आणि सफरचंदात क्रूस निघाला, तर त्या घरातली बाई वर्षभर काय मनात घेऊन नवऱ्याला डबा बांधत असेल?

चुलीपाशी, तुमच्याच लेखातलं एक वाक्य परत वाचा. ‘घरच्या बाईखेरीज कोणी उठायचं नाही.’ त्या घरांत ‘बुर्दोश’ असत, म्हणजे पैसे देऊन राहणारे गाववाले. कामाची पाळी बदलली की एक उठायचा आणि दुसरा त्याच गादीवर झोपायचा. या सगळ्यांचं रांधणं-धुणं एकटी बाई करायची. सण तिच्याच पाठीवर उभा होता. तिला कशानं धरून ठेवलं, ते तुम्हा दोघांच्याही लिहिण्यात नाही.

दक्षिणेकडे
कामानिमित्त तीन वर्षं सर्बियात नोव्ही सादला होतो, म्हणून लिहितो. जवळच पेट्रोवेत्स आहे, स्लोवाक तिथे १७४५ मध्ये आले. कोवाचित्सा गाव १८०२ चं. आजही तिथे स्लोवाक माध्यमाच्या शाळा आहेत, व्होइव्होदिना प्रांतात ती राजभाषांपैकी एक आहे. दुकानात, चर्चमध्ये, अंगणात मी तीच ऐकली. कोवाचित्साच्या शेतकऱ्यांची चित्रकला २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पेनसिल्व्हेनियात तिसऱ्या पिढीला बोबाल्की येतात, बोलता येत नाही.

एकीकडे लोक आपले पाद्री आणि शिक्षक घेऊन आले आणि स्वतःच्या जमिनीवर वसले, म्हणून भाषा टिकली. दुसरीकडे सुटी माणसं कारखान्यात शिरली, तिथे जेवण उरलं. १९७९ साली हर्बर्ट गॅन्स या समाजशास्त्रज्ञानं अशा उरलेल्या ओळखीला ‘प्रतीकात्मक’ म्हटलं, सणापुरती काढायची आणि परत ठेवून द्यायची. कठोर वाटेल, पण मला ते खरं वाटतं.

चुलीपाशी
मधलाजिना, तुम्ही म्हणता ते लागलं. आजींना विचारलं. म्हणाल्या, आईला विलियाला बसून जेवताना मी पाहिलंच नाही, ती शेगडीजवळ उभ्यानं खायची. हे मी आधी विचारायला हवं होतं.

पण वर्गणीदार, तुम्हाला एक गोष्ट सांगते. १९ डिसेंबर १९०७, पेनसिल्व्हेनियातल्या जेकब्स क्रीकची डॅर खाण. स्फोटात २३९ जण गेले. त्या दिवशी जुन्या पंचांगाप्रमाणे संत निकोलसचा सण होता. ग्रीक कॅथलिक पंथाचे बरेच कामगार, त्यांत पूर्व स्लोवाकियाच्या डोंगरातले रुसिन नावाच्या स्लाव्ह समाजाचे लोक मोठ्या संख्येनं, त्या दिवसाची मजुरी सोडून चर्चला गेले होते. ते वाचले. संतानं वाचवलं असं मी म्हणणार नाही. पण खाणमालकाच्या पंचांगापेक्षा वेगळं पंचांग मनात ठेवणं म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसलं.

वर्गणीदार
आणि त्याच पंचांगात ज्यांचा सण नव्हता ते २३९? त्यांच्या बायकामुलांचं काय? योगायोगावर समाज उभा राहत नाही. सणासाठी मजुरी सोडायची हिंमत झाली, कारण बरोबर शंभर जण सोडणार होते. तो एकोपा आधी बांधावा लागतो, आणि बांधायला सभासद लागतात.

मधलाजिना
ते शंभर जण एकमेकांना कुठे भेटत होते? चर्चमध्ये, सणाला, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात. सभेची जागा तीच होती हो.

चुलीपाशी
दक्षिणेकडे, ‘प्रतीकात्मक’बद्दल मी आठवडाभर विचार करतेय. आजींची नात क्लीव्हलँडला असते, स्लोवाकमधला एक शब्द तिला येत नाही. या वर्षी तिनं फोन करून साखळी मागितली, स्वतःच्या घरी बांधायला. मी तिथेच होते. आजी म्हणाल्या, साखळी देणार नाही, बांधायला इथे ये. ती २३ तारखेला येतेय.