ब्रेकपॉइंट: लावला, बसला की लागला?

प्रश्न: ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोग्राम ठरावीक ओळीवर थांबवायची खूण. पण बग नोंदवताना 'ब्रेकपॉइंट लागला नाही' असं लिहिलेलं असतं. म्हणजे लावताच आला नाही, की प्रोग्राम तिथे थांबला नाही?

— तीन क्रियापदं वेगळी ठेवली की घोळ मिटतो. ओळ निवडून आपण ब्रेकपॉइंट लावतो. डीबगरला (प्रोग्राम थांबवून तपासणाऱ्या साधनाला) त्या ओळीचा मशीन कोडमधला पत्ता सापडला की तो बसतो. प्रोग्राम तिथे येऊन थांबला की लागतो. लायब्ररी लोड व्हायची असेल तर जीडीबी हा डीबगर त्याला पेंडिंग ठेवतो. व्हिज्युअल स्टुडिओत भरीव लाल गोळ्याऐवजी पोकळ वर्तुळ दिसतं. हे 'बसला नाही'चं प्रकरण. आधी डीबग माहितीसह (कुठली ओळ कुठल्या पत्त्यावर, या नोंदीसह) बिल्ड केलंय का आणि चालू असलेली बायनरी (तयार मशीन कोडची फाइल) याच सोर्सची आहे का, ते बघा.

— 'बसतो' हे अक्षरशः खरं आहे. एक्स८६ प्रोसेसरवर डीबगर त्या पत्त्यावरच्या इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट जपून ठेवतो आणि त्या जागी हेक्स सीसी लिहितो. हीच इंट ३ नावाची इन्स्ट्रक्शन. ती चालली की ट्रॅप होतो, म्हणजे प्रोग्राम थांबून ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो; लिनक्सवर सिगट्रॅप हा सिग्नल येतो. तोवर इन्स्ट्रक्शन पॉइंटर (पुढची इन्स्ट्रक्शन कुठली ते सांगणारा पत्ता) एक बाइट पुढे गेलेला असतो. डीबगर त्याला मागे घेतो, मूळ बाइट परत ठेवतो, कंटिन्यू म्हटल्यावर तेवढी एकच इन्स्ट्रक्शन सिंगल-स्टेपने चालवतो आणि मग सीसी पुन्हा लिहितो. हे शेवटचं लिहिणं राहिलं तर ब्रेकपॉइंट एकदा लागून गप्प होतो. स्वतःचा डीबगर लिहिणाऱ्यांनी इथे जपावं.

— 'व्हेरिएबलवर ब्रेकपॉइंट लावला' असं मात्र लिहू नये. तो वॉचपॉइंट, किंमत बदलली की थांबवणारा; तो मेमरीच्या पत्त्यावर लावतात. एक्स८६ मध्ये त्यासाठी डीआर० ते डीआर३ असे चारच रजिस्टर (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या जागा) आहेत आणि हार्डवेअर ब्रेकपॉइंटही, म्हणजे कोडमध्ये सीसी न लिहिता प्रोसेसरकडूनच थांबवून घेणारे, त्यांतच मोजले जातात. पाचवा बसत नाही. शिवाय किंमत लिहून झाल्यावर तो लागतो, म्हणून बदल करणारी ओळ बहुधा दाखवलेल्या ओळीच्या आधीची असते.

— अटीच्या ब्रेकपॉइंटला (दिलेली अट खरी असेल तरच थांबवणाऱ्या) 'लागला' कुणाच्या दृष्टीने, हेही सांगायला हवं. जीडीबीत सहसा प्रोग्राम दर फेरीला खरोखर थांबतो, डीबगर अट तपासतो, खोटी निघाली तर पुढे सोडतो. लाखो फेऱ्यांच्या लूपमध्ये प्रोग्राम रखडतो तो यामुळेच. अट कोडमध्येच इफ घालून तपासा आणि आतल्या ओळीवर साधा ब्रेकपॉइंट लावा.

— बग नोंदवताना जीडीबीच्या 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' या कमांडचं आउटपुट जोडा. किती वेळा लागला ते त्यात येतं. फंक्शन इनलाइन होऊन (कंपायलरने त्याचा कोड प्रत्येक कॉलच्या जागी घालून) एकच ब्रेकपॉइंट अनेक पत्त्यांवर बसला असेल तर १.१, १.२ अशा वेगळ्या ओळीही दिसतात.