रेझ्युमे ऑनलाईन कुठे टाकू? जळगाव ते चाकण, बजेट ५००

पाईपवाला_जळगाव: मंडळी सल्ला द्या. डिप्लोमा मेकॅनिकल, दोन वर्षं एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या कंपनीत एक्स्ट्रूडर लाईनवर आहे. चाकण-रांजणगावकडे जायचंय. खर्च जास्तीत जास्त ५००, आणि इथल्या शेठला कळता कामा नये. रेझ्युमेचा फोटो जोडलाय.

भुसावळकर: ५०० मध्ये काय होतं भो. माझ्या भाच्याने साडेचार हजाराचं पॅकेज घेतलं, रेझ्युमेपण तेच लिहून देतात. आज चाकणला आहे.

अमळनेरची_ताई: पॅकेज कशाला? नोकरी डॉट कॉमवर खातं फुकट आहे. आमच्या ह्यांनी फुकटातच केलं, फक्त दर दोन-चार दिवसांनी प्रोफाईलमध्ये काहीतरी बदलत राहायचे, त्याने नाव वर येतं. आणि सेटिंगमध्ये शेठच्या कंपनीचं नाव टाकून ब्लॉक करा.

रावेरचा_केळीवाला: ब्लॉक करा नाहीतर काही करा, जळगाव केवढंसं, शेठला कळणारच.

धुळे_१८: लिंक्डइनवर टाक. ओपन टू वर्कची हिरवी पट्टी मात्र फोटोला लावू नको, फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय आहे तो घे. तरी शंभर टक्के लपेल याची खात्री लिंक्डइनपण देत नाही.

शिरपूरकर: सगळं सोडा, आधी हे वाचा. रेझ्युमे टाकला आणि दोन दिवसांत फोन, सिलेक्शन झालं, नोंदणी फी १८०० भरा. ऑफर लेटरवर गोल शिक्कासुद्धा होता!! पैसे गेले. नोकरीसाठी कोणी पैसे मागितले की फोन ठेवा, गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, लावा. आणि रेझ्युमेवर आधार नंबर कशाला टाकलाय भाऊ, काढा तो.

भुसावळकर: म्हणून म्हणतो, पॅकेज घ्या.

चोपडा_टू_पुणे: मी इथे भरतीचंच काम करतो. फोटो पाहिला. दोन कॉलम, निळी पट्टी, स्किलसमोर चांदण्या, हे कंपन्यांच्या रेझ्युमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला धड वाचता येत नाही, मजकूर उलटसुलट होतो. साधा एक कॉलम, एक पान, पीडीएफ. "मेहनती व प्रामाणिक" काढ, कोणत्या व्यासाचे पाईप काढले, डाय कोण बदलायचं, स्क्रॅप किती कमी झालं ते लिही. फाईलला "बायोडाटा न्यू फायनल २" नाही, स्वतःचं नाव दे. नोकरी शोधायचं सरकारी एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टलपण फुकट आहे.

अमळनेरची_ताई: तेच तर मी म्हटलं, फुकट आहे.

रावेरचा_केळीवाला: चाकणला जाऊन करणार काय, निम्मा पगार रूमभाड्यात जाणार आणि दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसचं वेटिंग.

धुळे_१८: ट्रॅव्हल्स असतात की.

रावेरचा_केळीवाला: दिवाळीत ट्रॅव्हल्सचे रेट बघितले का कधी?

पाईपवाला_जळगाव: धन्यवाद सगळ्यांना. आधार नंबर काढला. निळी पट्टी राहू दिली, कॅफेवाल्याला डिझाईनचे ३०० दिलेत ते वाया कशाला घालवू. आणि नेटवर सध्या टाकतच नाही, शेठची भीती वाटते. पुढच्या रविवारी प्रिंट घेऊन रात्रीच्या गाडीने निघतो, सोमवारी चाकणला गेटवर देतो.

चोपडा_टू_पुणे: अरे गेटवर सिक्युरिटीवाला ठेवून घेतो, आत जात नाही ते.

शिरपूरकर: भुसावळकर, तुमचा भाचा चाकणला कोणत्या कंपनीत आहे? माझा रेझ्युमे पाठवू का?